बोअरिंगच्या पाण्यातलं आर्सेनिक: नमुना घेण्यापासून गाळाच्या विल्हेवाटीपर्यंत

इंदुरात बोअरिंगचं पाणी म्हटलं की लोक क्षारांबद्दल बोलतात, कारण गिझरच्या कॉइलवरचा पांढरा थर डोळ्यांना दिसतो. आर्सेनिकला रंग नाही, वास नाही, चव नाही. घरोघरी असलेलं, विरघळलेले एकूण क्षार दाखवणारं टीडीएस मीटरही त्याबद्दल काही सांगत नाही. ५०० टीडीएसच्या पाण्यात लिटरला ५० मायक्रोग्रॅम आर्सेनिक असलं, म्हणजे मर्यादेच्या पाचपट, तरी त्याने टीडीएसमध्ये पडणारी भर ०.०५ मिलिग्रॅम एवढीच. मीटरला ती कळायचं कारणच नाही. पाणी उकळूनही उपयोग नाही. पाण्याची वाफ होते आणि आर्सेनिक मागे राहून थोडं दाटच होतं.

हे मार्गदर्शन दोन प्रकारच्या नवख्यांसाठी आहे. ज्यांना लोकमान्य नगरातल्या किंवा सुदामा नगरातल्या आपल्या घरचं बोअरिंग एकदा नीट तपासून घ्यायचंय त्यांच्यासाठी, आणि कॉलेजचा प्रकल्प किंवा संस्थेचं काम घेऊन बिहार, बंगाल किंवा छत्तीसगडच्या आर्सेनिकग्रस्त गावांत जाणाऱ्यांसाठी. पहिल्या गटातल्या बहुतेकांचं काम नमुना आणि रिपोर्ट यांवरच संपेल. फिल्टर विकणारा हे सांगणार नाही.

जमीन काय सांगते

माळव्याच्या काळ्या मातीखाली बेसॉल्ट आहे, म्हणजे दख्खनचाच काळा दगड. बोअरिंगचं पाणी त्याच्या भेगांतून आणि सच्छिद्र थरांतून येतं. या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट भरपूर असतात, आणि वस्तीत सांडपाण्यामुळे, शेतात खतामुळे नायट्रेट चढतं. धार-झाबुआकडे फ्लोराइडचा त्रास आहे. आर्सेनिकची शक्यता इथे कमी. म्हणून इंदुरात तपासणीचे पैसे मोजकेच असतील, तर आधी नायट्रेट, फ्लोराइड आणि जिवाणू तपासा. आर्सेनिक एकदा बघून घेतलं की पुरे.

गंगेच्या खोऱ्यातली गोष्ट निराळी. तिथल्या गाळातही आर्सेनिक काही फार नसतं, किलोला काही मिलिग्रॅमच. फरक रसायनाचा आहे. हिमालयातून वाहून आलेल्या वाळूच्या कणांवर गंजाचा, म्हणजे लोहाच्या ऑक्साइडचा पातळ लेप असतो आणि त्याला आर्सेनिक चिकटलेलं असतं. त्याच थरांत गाडला गेलेला पालापाचोळा कुजताना आधी ऑक्सिजन संपवतो, मग नायट्रेट, आणि मग जिवाणू या लोहाकडे वळतात. लेप विरघळतो, लोह पाण्यात उतरतं आणि त्याच्याबरोबर आर्सेनिक सुटतं. हीच क्रिया उलटी फिरवली की पाणी स्वच्छ होतं: लोह पुन्हा गंजवायचं आणि त्या गंजाला आर्सेनिक पकडू द्यायचं. पुढची बहुतेक सगळी कृती याच एका गोष्टीवर उभी आहे.

पश्चिम बंगालमध्ये पाण्यातून होणाऱ्या आर्सेनिकच्या विषबाधेचे रुग्ण कोलकात्याचे डॉ. के. सी. साहा यांनी १९८३ मध्ये ओळखले. बिहारमध्ये भोजपूर जिल्ह्यातलं सेमरिया ओझापट्टी २००२ मध्ये उघडकीला आलं. छत्तीसगडच्या अंबागड चौकी भागात, कौडीकसा गावाच्या आसपास, कारण वेगळं आहे. तिथे गाळ नाही, जुने ज्वालामुखी खडक आणि ग्रॅनाइट आहेत. त्यामुळे बंगालचे ठोकताळे तिथे जसेच्या तसे लावू नयेत.

गंगेच्या पट्ट्यात गेलात तर हातपंपाचा ओटा बघा. ओट्यावर तांबडे डाग म्हणजे पाण्यात लोह, आणि तिथे आर्सेनिकची शंका घ्यायलाच हवी. बोअर करताना वर येणारी वाळू करडी असेल तर धोका जास्त, तांबूस-पिवळी असेल तर कमी. ही खूण तिथल्या बोअरवाल्यांनाही ठाऊक असते. मात्र खुणेवर भागत नाही, तपासणी करावीच लागते.

नमुना

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, आणि इथली चूक पुढे कोणतीही प्रयोगशाळा दुरुस्त करू शकत नाही.

नमुना पंपाच्या पाइपातून घ्या. गच्चीवरच्या टाकीतून नको, सॉफ्टनर किंवा आरओनंतरचा तर नकोच. साडेसहा इंची बोअरमध्ये उभ्या पाण्याच्या दर मीटरला साधारण २१ लिटर पाणी असतं. ५० मीटर पाणी उभं असेल तर हजारावर लिटर. हे शिळं पाणी आधी निघून जायला हवं. पंप चालू करून दर पाच मिनिटांनी कंडक्टिव्हिटी (पाण्याची वीजवाहकता) मोजा. लागोपाठ तीन आकडे जवळपास सारखे आले की पाणी थेट थरातलं येतंय असं समजा. पीएच तिथेच मोजा. घरी आणेपर्यंत कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि पीएच वर सरकतो.

दोन बाटल्या लागतात.

पहिली २५० मिलीची, प्लास्टिकची, आर्सेनिक आणि लोहासाठी. तिच्यात ०.५ मिली शुद्ध संहत नायट्रिक आम्ल लागतं, म्हणजे लिटरला २ मिली, पीएच २ च्या खाली जाईल इतकं. बहुतेक प्रयोगशाळा आम्ल घातलेली बाटलीच देतात. आतला थेंब घाण समजून बाटली विसळू नका आणि काठोकाठ भरून आम्ल सांडू नका. हातमोजे आणि चष्मा घाला.

आम्ल का, हे नीट समजून घ्या. लोह असलेलं पाणी बाटलीत तासाभरात पिवळसर होतं. लोह गंजून तळाला बसतं आणि आर्सेनिकला बरोबर घेऊन जातं. प्रयोगशाळेतला माणूस वरचं नितळ पाणी घेतो आणि रिपोर्ट चांगला येतो! म्हणजे बाटलीतच पाणी शुद्ध झालेलं असतं आणि घरचे लोक मात्र तेच जुनं पाणी पीत राहतात.

दुसरी बाटली एक लिटरची, आम्लाशिवाय, काठोकाठ भरलेली, बाकीच्या क्षारांसाठी. ती बर्फाच्या डब्यात ठेवा आणि नायट्रेटसाठी ४८ तासांच्या आत पोचवा. आम्लवाली बाटली काही आठवडे थांबू शकते.

गावात एकाच दिवशी पन्नास हातपंप बघायचे असतील तर फील्ड किट चालतं. त्यात जस्ताची पूड आणि आम्लाची पूड पाण्यात पडली की आर्सिन वायू निघतो आणि वरची मर्क्युरिक ब्रोमाइडची पट्टी पिवळी ते तपकिरी होते. आर्सिन अतिशय विषारी आहे, म्हणून हे उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून करा. पट्टीत पारा आहे, ती उघड्या हाताने धरू नका. पाण्याला सडक्या अंड्याचा वास असेल तर सल्फाइडमुळे पट्टी खोटी रंगते. शिसे अॅसिटेटचा कापूस असलेलं किटच घ्या. किटने जास्त आणि कमी हा भेद कळतो. ८ आहे की १५ हे मात्र किटवर ठरवू नये.

रिपोर्ट वाचताना

जिल्ह्याला लोक स्वास्थ्य यांत्रिकी विभागाची प्रयोगशाळा असते, खासगी एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यतेच्याही असतात. कुठेही द्या, पण आधी एक प्रश्न विचारा: आर्सेनिक किती कमी प्रमाणापर्यंत मोजता? मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९९३ मध्ये ती ५० वरून १० वर आणली, आणि पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक आयएस १०५०० च्या २०१२ च्या आवृत्तीत स्वीकारार्ह मर्यादा ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे तीच आहे. ज्यांची मोजण्याची खालची मर्यादाच ५० आहे, त्यांनी ‘आढळले नाही’ असं लिहिलं तर त्यातून काहीच कळत नाही. २ किंवा त्याहून कमी मोजणारी जागा शोधा. हायड्राइड पद्धतीचं अॅटॉमिक अॅब्सॉर्प्शन किंवा आयसीपी-एमएस यांपैकी एक उपकरण असेल तिथे हे जमतं.

रिपोर्ट विश्वासाचा आहे का, हे घरी कागदावर पडताळता येतं. पाण्यात धन आणि ऋण भार सारखेच असले पाहिजेत. नमुन्यादाखल लिटरला मिलिग्रॅममधले आकडे घ्या: कॅल्शियम ८०, मॅग्नेशियम ३६, सोडियम ४६, पोटॅशियम ४. वजनाचा भार करण्यासाठी त्यांना अनुक्रमे २०.०४, १२.१५, २३ आणि ३९.१ ने (एका भारामागच्या वजनाने) भागा: ३.९९, २.९६, २.०० आणि ०.१०. बेरीज ९.०५. दुसरीकडे अल्कलिनिटी (मुख्यतः बायकार्बोनेट, रिपोर्टात कॅल्शियम कार्बोनेट म्हणून दिलेली) ३०० भागिले ५० म्हणजे ६.००, क्लोराइड ७१ भागिले ३५.४५ म्हणजे २.००, सल्फेट २४ भागिले ४८ म्हणजे ०.५०, नायट्रेट ३१ भागिले ६२ म्हणजे ०.५०. बेरीज ९.००. दोन बेरजांमधला फरक त्यांच्या एकूण बेरजेच्या ५ टक्क्यांच्या आत हवा. शिवाय कंडक्टिव्हिटी धनभाराच्या बेरजेच्या साधारण शंभरपट, म्हणजे इथे ९०० मायक्रोसीमेन्सच्या आसपास असावी. कॅल्शियम आणि मॅग्नेशियमची बेरीज गुणिले ५० केली की कठीणपणा मिळतो, इथे ३४८. आकडे यापासून फार लांब असतील तर रिपोर्ट परत द्या आणि पुन्हा मोजायला सांगा. नायट्रेट ‘नायट्रोजन म्हणून’ दिलंय का तेही बघा. तसं असेल तर ४.४३ ने गुणल्याशिवाय ४५ च्या मर्यादेशी ताडून बघता येत नाही.

आणखी एक विसंगती शोधायची सवय लावा: एकाच पाण्यात नायट्रेट ३०-४० आणि लोह २-३ मिलिग्रॅम. नायट्रेट शिल्लक आहे म्हणजे जिवाणू अजून लोहापर्यंत पोचलेच नाहीत, मग लोह विरघळलं कसं? बहुतेक वेळा ते जुन्या जीआय पाइपाचा गंज असतो, किंवा दोन वेगळ्या थरांचं पाणी बोअरमध्ये मिसळलेलं असतं.

पद्धत निवडण्याआधी

दुसरा स्रोत मिळत असेल तर तो घ्या. इंदुरात नर्मदेचं पाणी आहे. गंगेच्या पट्ट्यात उघड्या विहिरींत हवा खेळते म्हणून आर्सेनिक बहुधा कमी असतं, फक्त जंतूंसाठी क्लोरीन लागतं. शुद्ध करायचं पाणी फक्त पिण्याचं आणि स्वयंपाकाचं. पाच जणांच्या घराला २० लिटर पुरतात. स्वयंपाक विसरू नका, भात शिजताना पाण्यातलं आर्सेनिक पितो. आंघोळ आणि धुण्याला तेच पाणी चालेल.

मग पाच आकडे समोर ठेवा: एकूण आर्सेनिक, लोह, फॉस्फेट, पीएच, अमोनिया.

आर्सेनिक पाण्यात दोन रूपांत असतं. पाच संयुजेचं आर्सेनेट साध्या पीएचला ऋणभारित असतं आणि गंजाला घट्ट चिकटतं. तीन संयुजेच्या आर्सेनाइटवर पीएच साधारण ९ च्या खाली भारच नसतो, त्यामुळे त्याला पकडणं अवघड. हवा न लागलेल्या भूजलात बहुतेक वेळा हेच जास्त असतं. नुसत्या हवेने त्याचं आर्सेनेट व्हायला फार दिवस लागतात. क्लोरीनने काही सेकंदांत होतं.

इंदुरात सगळ्यांचा भरवसा आरओवर. आरओ आर्सेनेट ९५ टक्क्यांच्या आसपास अडवतो; आर्सेनाइट त्यापेक्षा बरंच कमी. आधी क्लोरीन द्यायचं तर आरओचा नेहमीचा पडदा (मेम्ब्रेन) त्याने खराब होतो, म्हणून क्लोरीन, मग काही मिनिटं थांबणं, मग उरलेलं क्लोरीन काढणारा कार्बनचा गाळणा, मग पडदा असा क्रम लागतो. आरओचं टाकाऊ पाणी मूळ पाण्यापेक्षा दाट असतं. आर्सेनिकच्या भागात ते भाजीच्या वाफ्यात सोडू नये. मिठाचा सॉफ्टनर आर्सेनिकला हातही लावत नाही, तो फक्त धनभारित आयन बदलतो. तुरटी आर्सेनेट थोडंफार ओढते, आर्सेनाइट नाही, आणि पीएच ७.५ च्या वर गेला की आणखी ढिली पडते.

पाण्यातच लोह असेल तर वजनाने आर्सेनिकच्या किमान २० पट लोह हवं. १ मिलिग्रॅम लोह साधारण ५० मायक्रोग्रॅम आर्सेनिक ओढू शकतं. फॉस्फेट मात्र गंजाच्या त्याच जागा आधी बळकावतं. लिटरला १-२ मिलिग्रॅम फॉस्फेट असेल तर ४० पट धरून चाला.

बाटल्यांमधली चाचणी

पाण्यातलं लोह पुरत नसेल तर ते बाहेरून घालावं लागतं. किती, हे ठरवायला शुद्धीकरणाचा संच बांधण्याआधी ही चाचणी करा. दोन द्रावणं बनवा.

लोहाचं: ४.८४ ग्रॅम फेरिक क्लोराइड हेक्साहायड्रेट एक लिटर ऊर्ध्वपातित पाण्यात. १ मिलीत १ मिलिग्रॅम लोह. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात सर्किट कोरायला मिळतं ते फेरिक क्लोराइड अजिबात घेऊ नका, त्यात दुसरे धातू असू शकतात. प्रयोगशाळेच्या किंवा पाणीशुद्धीच्या दर्जाचं घ्या. आठवड्याने नवं करा. तळाला तांबूस थर दिसला तर त्याआधीच.

क्लोरीनचं: ४ टक्के सोडियम हायपोक्लोराइट २५ मिली घेऊन एक लिटर करा. १ मिलीत १ मिलिग्रॅम क्लोरीन. उन्हात राहिलेली बाटली निम्म्या ताकदीची असू शकते, म्हणून तारीख बघून ताजी आणा.

एक-एक लिटरच्या सहा बरण्या घ्या. पाणी पंपातून नुकतं काढलेलं हवं. अर्धा तास ठेवलेल्या पाण्यात लोह आपोआप गंजायला लागतं आणि चाचणी फसवते. पाच बरण्यांत २ मिली क्लोरीन द्रावण घाला, सहावीत घालू नका. दोन मिनिटांनी पाच बरण्यांत ०, २, ४, ६, ८ मिली लोह द्रावण आणि सहावीत ६ मिली. एक मिनिट जोरात ढवळा, दहा मिनिटं हळू, मग तासभर हलवू नका. वरचं पाणी ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून, आम्ल घालून तपासायला पाठवा.

आर्सेनिक १० च्या खाली नेणारी लोहाची सगळ्यात कमी मात्रा घ्या आणि तिच्या दीडपट मात्रा धरा. सहावी बरणी चौथीपेक्षा किती वाईट निघते ते बघा. तुमच्या पाण्यात आर्सेनाइट किती आहे याचा अंदाज तिथेच मिळतो. अर्ध्या तासानंतर पाण्यात थोडं क्लोरीन, ०.२ ते ०.५ मिलिग्रॅम, शिल्लक असलं पाहिजे. पाण्यात आधीपासून विरघळलेलं १ मिलिग्रॅम लोह ०.६४ मिलिग्रॅम क्लोरीन खातं, आणि अमोनिया त्याहून कितीतरी जास्त. अमोनियात अडकून क्लोरामाइन झालं तर आर्सेनाइट बदलण्याच्या कामाला ते फारसं येत नाही. शिल्लक शून्य असेल तर मात्रा वाढवून पुन्हा करा.

घरचा संच

वरच्या २५ लिटरच्या बादलीला तळापासून ५ सेंटिमीटर वर तोटी बसवा. तोटी तळाशी लावली तर गाळच आधी खाली येतो. २० लिटर पाण्यात चाचणीत ठरलेली मात्रा घाला. ६ मिलिग्रॅम ठरलं असेल तर लोह द्रावण १२० मिली, क्लोरीन ४० मिली. आधी क्लोरीन, मग लोह, हा क्रम सोडू नका. रात्री ढवळून ठेवलं की सकाळी गाळ बसलेला असतो.

खालच्या बादलीत वाळूचा गाळणा: तळाला ५ सेंटिमीटर बारीक खडी, ५ सेंटिमीटर जाड वाळू, वर २५ सेंटिमीटर १ मिलिमीटरच्या जाळीतून पडलेली बारीक वाळू. नर्मदेची वाळू चालते, पण धुऊन घ्यायची. बाटलीत वाळू-पाणी हलवून ठेवल्यावर वरचं पाणी काही सेकंदांत जवळपास स्वच्छ व्हायला हवं. २८ सेंटिमीटर व्यासाच्या बादलीला ताशी १२ लिटरपेक्षा जास्त धार सोडू नका. लिटरचं माप भरायला पाच मिनिटं लागली पाहिजेत.

नेपाळमधल्या कांचन फिल्टरमध्ये रसायनाऐवजी वरच्या भागात सुमारे ५ किलो लोखंडी खिळे असतात, त्यांचा गंज आर्सेनिक पकडतो. खिळे जस्त चढवलेले नसावेत. जस्ताने ते गंजतच नाहीत आणि फिल्टर नुसता वाळूचा उरतो. खिळ्यांचा गठ्ठा होऊन पाणी कडेने निसटणं, पाण्यात लोह कमी आणि फॉस्फेट जास्त असणं, अशा वेळी हा फिल्टर मार खातो.

दाणेदार फेरिक हायड्रॉक्साइडचं तयार माध्यम सोपं पडतं, महाग असतं. १ लिटर माध्यमातून मिनिटाला ०.२ लिटर, म्हणजे पाच मिनिटांचा संपर्क द्या. दोन नळकांडी एकामागे एक जोडा आणि पहिल्यानंतरचं पाणी तपासत राहा. तिथे १० ओलांडलं की पहिलं काढा, दुसरं त्याच्या जागी, नवं मागे.

कुठे बिघडतं

सगळ्यात फसवा बिघाड म्हणजे काचेसारखं नितळ पाणी, लोह शून्य, आणि आर्सेनिक जिथल्या तिथे. क्लोरीन संपलेलं किंवा शिळं असतं. उलट, पाण्याला पिवळट झाक आली तर गंजाचे कण वाळूतून निसटताहेत आणि आर्सेनिक त्यांच्यावर बसून येतंय. शुद्ध पाण्यातलं लोह लोहाच्या चाचणीपट्टीने रोज बघा. ०.३ मिलिग्रॅमच्या वर गेलं तर ते पाणी पिऊ नका. वाळूची वरची एक-दोन सेंटिमीटर काढून धुवा, धार कमी करा. लोह कमी आहे म्हणून आर्सेनिकही कमीच, असं मात्र धरू नका.

पहिल्या महिन्यात दोनदा, मग दर तीन महिन्यांनी आर्सेनिक प्रयोगशाळेत तपासा. पावसाळ्याच्या आधीचा आणि नंतरचा नमुना वेगळा धरा.

गाळ

लिटरला ६ मिलिग्रॅम लोह, रोज २० लिटर, म्हणजे वर्षाला जेमतेम ८०-८५ ग्रॅम कोरडा गाळ. पाण्यात १०० मायक्रोग्रॅम आर्सेनिक असेल तर त्या गाळात पाऊण ग्रॅमच्या आसपास आर्सेनिक येतं. दिसायला मूठभर, पण शेणखताच्या ढिगात, नाल्यात किंवा सेप्टिक टँकमध्ये टाकला तर तिथे हवा नसते, जिवाणू लोह पुन्हा विरघळवतात आणि आर्सेनिक पुन्हा मोकळं होतं. म्हणून गाळ आणि वाळूचं धुवण एका पसरट भांड्यात उन्हात सुकवा, झाकणाच्या डब्यात कोरडा ठेवा, डब्यावर ठळक लिहा आणि मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवा. वर्षाचा साठला की घातक कचरा घेणाऱ्या यंत्रणेकडे द्या, किंवा सिमेंट-काँक्रीटच्या ठोकळ्यात मिसळून बंद करा. तो ठोकळा पाण्याच्या टाकीजवळ किंवा विहिरीच्या कठड्याला वापरू नका. गावाच्या मोठ्या संचासाठी विटांचा, खालून-वरून हवा खेळती राहील असा जाड वाळूचा खड्डा बांधतात. त्यात गाळ वरच अडतो आणि गंजलेल्या रूपातच राहतो.